विणकामाचा गट सुरू करायचाय? लोकर सगळ्यात शेवटी आणा

मागच्या महिन्यात तिघी वेगवेगळ्या जणींनी विचारलं की आम्हालाही तुमच्यासारखा गट काढायचाय, लोकर कुठून आणता, तर एकदाच सगळं लिहून ठेवते म्हणजे परत परत टाईप करायला नको. आणि आधीच सांगते, लोकर कुठून हा प्रश्न चौथा-पाचवा आहे, तो पहिला विचारला की काय होतं ते आम्ही भोगलंय.

झालं असं की पहिल्या वर्षी आम्ही सातजणी होतो, एका आश्रमशाळेला स्वेटर द्यायचं ठरलं आणि फोन करून आम्ही फक्त "चालतील ना स्वेटर?" एवढंच विचारलं. ते हो म्हणाले, कोण नाही म्हणेल. मग जुलैपासून जानेवारीपर्यंत आम्ही बत्तीस स्वेटर विणले, आणि सगळे चार-पाच वर्षांच्या मापाचे, कारण छोटा स्वेटर पटकन होतो आणि दिसतो पण गोड, त्यावर बदकं काय, मोत्यांची बटणं काय. द्यायला गेलो तर समोर पाचवी ते दहावीची मुलं. एक मुलगी स्वेटर अंगाला लावून बघत होती, बाही कोपराच्या जरा खाली येऊन संपत होती. तिथल्या सरांनी फार सांभाळून घेतलं हो, घरच्या धाकट्या भावंडांना होतील म्हणाले. आणि त्यात जानेवारी संपत आलेला, थंडी जायला लागलेली. येताना गाडीत कोणी एक शब्द बोललं नाही, नाहीतर एरवी आमची गाडी म्हणजे माळरानावरची साळुंक्यांची शाळा असते.

तर पहिलं काम विणायचं नाही, विचारायचं. ज्यांना द्यायचंय तिथे प्रत्यक्ष जा, आणि संस्थेच्या ऑफिसात नाही तर जी बाई किंवा जो माणूस रोज त्या लोकांना अंघोळी घालतो, कपडे धुतो, झोपवतो, त्याला विचारा. वयं काय, किती जण, कपडे कोण धुतं आणि गरम पाण्यात धुतं का मशीनला टाकतं, झोपतात कशावर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधीचं लोकांनी दिलेलं काय काय पडून आहे. हा शेवटचा प्रश्न विचारलात ना की खरं काय ते कळतं.

आम्हाला अशी कळलेली काही उदाहरणं सांगते.

वृद्धाश्रमात आम्ही मफलर देणार होतो, तर तिथल्या मावशी म्हणाल्या मफलर एक कपाटभर आहेत. हवं काय तर पुढून उघडा स्वेटर, कारण आजी-आजोबांचे हात डोक्यावर जात नाहीत, आणि बटणं मोठी, काजं सैल. आणि एका आजींनी स्वतः सांगितलं की बाळांनो खिसे लावा, चष्मा आणि रुमाल ठेवायला जागाच नसते. तेव्हापासून आमच्या प्रत्येक स्वेटरला दोन खिसे. बोटं उघडी राहणारे हातमोजेही खूप खपतात, पेपर वाचायला सोयीचे.

ऊसतोडीच्या टोळ्यांसाठी विचारलं तेव्हा आमचे अंदाज पार चुकले होते. बीडकडच्या टोळ्या साधारण दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांवर येतात ते मार्च-एप्रिलपर्यंत कोप्यांमध्ये राहतात, पहाटे अंधारात फडात जायचं, तान्हं बाळ बरोबर. तिथल्या आशाताईंनी सांगितलं की पांढरं-पिवळं काही आणू नका, दोन दिवसांत मातीचं होतं आणि मग ती आई लाजते, गडद रंग द्या. टोपडं कान झाकणारं हवं. आणि लोकरीचं पांघरूण नको. का नको ते मला आधी कळलंच नाही, मग त्यांनी सांगितलं की चूल आणि शेकोटी झोपायच्या जागेला लागूनच असते. आपण ज्याला लोकर लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा मेंढीची नसतेच, अ‍ॅक्रिलिक असते, ते ठिणगी पडली की वितळतं आणि कातडीला चिकटतं. मेंढीची खरी लोकर सहज पेट घेत नाही पण ती महाग आणि धुवायला नाजूक. त्यामुळे तिकडे आम्ही टोपडी, मोजे, बिनबाह्यांचे जाकीट एवढंच देतो आणि पांघरायला जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या. विणकाम गटाने गोधडी का शिवायची म्हणून आमच्यात एकदा भांडण झालेलं, पण गरज गोधडीची आहे तर गोधडी शिवायची.

सरकारी दवाखान्यात नवजात बाळांच्या वॉर्डला टोपी लागते. कांगारू मदर केअर ऐकलं असेल, कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीवर उघड्या अंगाने ठेवतात, १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटाला सुरू झालं ते आता आपल्याकडेही करतात. त्यात बाळाच्या अंगावर टोपी, मोजे आणि लंगोट एवढंच असतं. म्हणजे टोपी ही शोभेची वस्तू नाही. पण तिथल्या सिस्टरना विचारल्याशिवाय एक टाकासुद्धा घालू नका, प्रत्येक वॉर्डचे नियम वेगळे. ते क्रोशाचे ऑक्टोपस करायची पण फार फर्माईश येते, डेन्मार्कमध्ये २०१३ साली ते सुरू झालं, काचेच्या पेटीतल्या बाळाला धरायला म्हणून. आम्ही करत नाही. दिसतात गोड पण लांब शेपट्या, आत भरलेला कापूस, ते धुणार कोण आणि वाळवणार कोण.

आता वेळापत्रक. थंडीत विणायचं नसतं, थंडीत द्यायचं असतं. हे लिहायला सोपं आहे पण आपल्याला सुया हातात घ्यावंसं वाटतं तेच मुळी डिसेंबरात, त्यामुळे मनाविरुद्ध जावं लागतं. आम्ही जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की बसतो, दसऱ्याला सुया खाली, दसरा ते कोजागिरी शिवणं-धुणं-पॅकिंग, आणि दिवाळी झाली की लगेच पोचवायचं. गणपतीत दोन गुरुवार जातातच, नवरात्रात पण, ते धरूनच हिशोब करा. एप्रिल-मेमध्ये घामट हाताने अ‍ॅक्रिलिक विणवत नाही, सुईवर सरकत नाही, तेव्हा सुती धाग्याचं काम काढायचं, बाळाच्या सुती टोप्या वगैरे.

बैठकीचा वार एकदा ठरला की हलवायचा नाही. आमचा गुरुवार चार ते सहा. आठ दिवस आधी "पुढच्या गुरुवारी कोणाला जमेल" असं विचारणं बंद करा, विचारलं की निम्म्यांना जमत नाही, न विचारता ठेवलं की येतात. तिघी आल्या तरी बसायचं. जागा सोसायटीचा हॉल, देवळाचा मंडप, कोणाचं घर, काहीही चालेल, पण घर असेल तर दर वेळी तेच नको, त्या घरच्या सुनेचा जीव जातो (मी सून होते त्या घरची, म्हणून माहिती). बिनहाताच्या खुर्च्या हव्यात, हाताच्या खुर्चीत कोपर आपटतं आणि सोफ्यात बसलं की पाऊण तासात पाठ धरते. खिडकीजवळची जागा चाळिशी लागलेल्यांना. पाच वाजता सगळ्यांनी उठून पाच मिनिटं हात-मान हलवायची, हे सक्तीने.

खाणं शेवटच्या पंधरा मिनिटांत आणि विणकाम पिशवीत गेल्यावर. आधी आम्ही मध्येच वडे, पोहे असं चालवायचो, मग एका पांढऱ्या टोपड्यावर हळदीचा अंगठा उमटला तो आजपर्यंत गेला नाही. चहा चालतो. चिवडा तर अजिबात नको, तेलाची बोटं आणि शेंगदाण्याची सालं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त मापं, राहिलेल्या लोकरीचे फोटो आणि "आज येत नाही". गुड मॉर्निंगचं कमळ टाकलं की दहा रुपये दंड. त्या डब्यातून मागच्या वर्षी दोन गोळे आले.

पैशांचं म्हणाल तर आम्ही दर महिन्याला जमेल तसं पन्नास-शंभर काढतो, वही एकीकडे, पैसे दुसरीकडे, दोन्ही एकीकडे कधी नको, विश्वास आहे म्हणूनच. आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा गटासाठी एक घ्या. उरलेला गोळा किती ग्रॅम आहे ते चिठ्ठीवर लिहून ठेवलं की पुढच्या वेळी त्यात टोपी बसेल का मोजे हे लगेच कळतं.

लोकर घेताना एका कामाची सगळी लोकर एकदम घ्या आणि चिठ्ठीवरचा लॉट नंबर एकच आहे ना बघा, दुकानात ट्यूबलाईटखाली एकसारखा वाटणारा मरून घरी उन्हात दोन मरून निघतो. काळा आणि नेव्ही ब्लू संध्याकाळच्या बैठकीला नको, टाके दिसत नाहीत, मग सुटलेला टाका वीस ओळींनंतर सापडतो आणि उसवायला लागतं.

सुयांबद्दल एक जरूर लक्षात ठेवा. आपल्याकडच्या सुयांचे नंबर उलटे चालतात, नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक, म्हणजे ८ नंबर ४ मिलिमीटर आणि १० नंबर सव्वातीन. अमेरिकन व्हिडिओत मात्र ८ म्हणजे ५ मिलिमीटर. आमच्यातल्या एकीने यूट्यूबवर बघून आपल्या ८ नंबरवर टोपी विणली ती नारळाला बसली. नंबर सोडा, मिलिमीटर बघा. क्रोशात पण तीच गंमत, अमेरिकन सिंगल म्हणजे ब्रिटिश डबल, म्हणून आम्ही सरळ मराठीत बोलतो, साखळी, मुका खांब, खांब, कोणाचाच गोंधळ नाही.

नवीन बाई आली की तिला लगेच बाळाची टोपी देऊ नका. जाड फिकट लोकर, ५ मिलिमीटरच्या सुया, २० टाके, सगळ्या ओळी सुलट, तिची चार गुरुवारांत एक पट्टी होईल. डावखुरी असेल तर शेजारी बसून शिकवू नका, समोर बसा, आरशासारखं दिसतं तिला. अशा पट्ट्या आम्ही फेकत नाही, जोडून व्हीलचेअरवर बसायला गादीची खोळ करतो.

आता ती टोपी, जिच्यासाठी सगळ्या मेसेज करतात. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतं, टोपी ताणली जाते म्हणून आपण ३० ची करायची. चार पदरी मऊ लोकर किंवा सुती धागा, पावणेचार मिलिमीटरच्या म्हणजे ९ नंबरच्या सुया. ७२ टाके घाला, जरा सैल हाताने, घट्ट घातले तर कपाळावर वळ उठतो. दोन सुलट दोन उलट असं ५ सेंटिमीटर विणा. मग एक ओळ सुलट एक ओळ उलट करत सुरुवातीपासून मोजून १० सेंटिमीटर होईपर्यंत. आता घटवायचं, सुलट ओळीत ६ सुलट आणि मग २ टाके एकत्र, असं ओळभर, ६३ राहतात, पुढची ओळ नुसती उलट. मग ५ सुलट आणि २ एकत्र, ५४ राहतात, परत उलट ओळ. असंच ४, ३, २, १ करत यायचं, दर वेळी ९ टाके कमी होतात, शेवटी १८ राहिले की ओळभर दोन-दोन एकत्र, सुईवर ९ टाके. वीतभर धागा ठेवून कापा, जाड सुईत ओवून सगळ्या टाक्यांतून काढा, घट्ट ओढा, तोच धागा खाली आणत बाजू शिवा. शिवण सपाट हवी, तान्हं बाळ दिवसभर डोक्यावरच पडलेलं असतं. गोंडा नको, बटण नको, मणी नको, नाड्या तर मुळीच नकोत, गळ्याशी येतात. जाळीची वीण पण नको, बोटं अडकतात. ५० ग्रॅमच्या गोळ्यात साधारण दोन होतात. कमी दिवसांच्या बाळासाठी ६३ टाक्यांनी सुरू करून थेट ५ सुलट २ एकत्र पासून घटवा.

क्रोशावाल्यांसाठी चौकोनांचं पांघरूण हा सगळ्यात चांगला गटाचा प्रकल्प, कारण चौकोन पर्समध्ये मावतो, बसमध्ये होतो, आणि सहा इंची चौकोन असतील तर सहा बाय आठ म्हणजे ४८ चौकोनांत तीन फूट बाय चार फूट, मांडीवर घ्यायला पुरतं. मोठ्या माणसाला आठ बाय बारा, ९६. चेन्नईला २०१६ च्या जानेवारीत मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट करून गिनीजमध्ये नाव लावलं, तेही असंच बायकांनी घरोघरी विणलेले तुकडे जोडून, आणि नंतर ते सोडवून गरजूंना वाटलं. तेवढी हौस नको, पण त्यातला मुद्दा घ्या, तुकडा एकाच मापाचा हवा. इथेच सगळे गट आपटतात. प्रत्येकीचा हात वेगळा, त्याच पाच फेऱ्यांत एकीचा साडेपाच इंच, दुसरीचा सात. उपाय म्हणजे खोक्याच्या पुठ्ठ्याचे सहा बाय सहाचे चौकोन कापून सगळ्यांना एकेक द्या, फेऱ्या मोजायच्याच नाहीत, पुठ्ठा झाकला गेला की थांबायचं, कमी पडलं तर मुक्या खांबाची एक फेरी जास्त. रंग कोणते ते आधीच ठरवा आणि शेवटची फेरी सगळ्यांची एकाच रंगाची, मग आत पोपटी शेजारी जांभळा आला तरी निभावतं. जोडायच्या दिवशी सतरंजीवर सगळे मांडून फोटो काढायचा, तोच क्रम, आणि त्यानंतर कोणी काही हलवायचं नाही, कितीही वाटलं तरी.

एक अवघड गोष्ट राहिली, ती म्हणजे बिघडलेलं काम. ऐंशीच्या आजी मनापासून विणून आणतात आणि तीन ठिकाणी टाका सुटलेला असतो, तोंडावर कसं सांगणार. पहिल्यांदा आम्ही गुपचूप उसवून परत विणायचो, आजींनी एकदा आपली टोपी ओळखली नाही आणि सगळं उघडं पडलं, त्या दोन गुरुवार आल्या नाहीत. आता एक दुरुस्तीची पिशवी आहे, तिच्यात सगळ्यांचं काम जातं, माझं पण, नाव न लावता, आणि दोघी जणी ते तपासतात. आजी आता लडीचे गुंडे करतात, असे एकसारखे की दुकानातल्यापेक्षा बरे, आणि करता करता १९६२ च्या चीनच्या लढाईच्या वेळी शाळेत मुलींना जवानांसाठी मोजे विणायला बसवलं होतं ते सांगतात. टाच वळवायला त्या तेव्हा शिकल्या, ते मात्र आमच्यात अजून त्यांच्याइतकं कोणाला येत नाही.

धुताना कोमट पाणी, सौम्य साबण, जाळीच्या पिशवीत. दोरीवर टांगू नका, ओल्या वजनाने स्वेटरचा झगा होतो, चटईवर आडवं पसरून सावलीत वाळवा. पेटीत डांबराच्या गोळ्या टाकायची आपली सवय असते, बाळाच्या कपड्यांत त्या कधीच नकोत, त्यातल्या नॅप्थलीनने काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. आणि अ‍ॅक्रिलिकला कसर लागतच नाही, ती खऱ्या लोकरीला लागते, तर गोळ्यांचा उपयोग तरी काय. साईझची चिठ्ठी दोऱ्याने बांधा, स्टेपलर किंवा टाचणी नाही. चिठ्ठीवर वय, आणि "गार पाण्यात धुवा, आडवं वाळवा". गटाचं नाव आम्ही लिहीत नाही.

द्यायला दोघीच जातात, बाराजणी नाही. घेणाऱ्यांना रांगेत उभं करून फोटो नाही, यावर आमच्यात मतभेद आहेत, काहींना वाटतं फोटो टाकले की लोकर जास्त येते, येतही असेल. आम्ही पेटीतल्या टोप्यांचा फोटो काढतो. आणि फेब्रुवारीत परत एक चक्कर मारायची, काय वापरलं गेलं, काय फाटलं, काय तसंच घडी घालून ठेवलंय ते बघायला, पुढच्या जूनचं काम तिथेच ठरतं.

पहिल्या गुरुवारी येताना एवढंच आणा, एक सुयांची जोडी, मोजायची टेप, चष्मा, पाण्याची बाटली आणि ज्यांना द्यायचंय त्यांची मापं लिहिलेली वही. लोकर त्या वहीत बघून दुसऱ्या गुरुवारी. कात्र्या दोन आणा, एक कोणीतरी चुकून घेऊन जातंच.